मांजराची पेटी

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न गोष्टीतल्या उंदरांना पडला होता. मांजर पाळणाऱ्या घरांना त्याहून कठीण प्रश्न वर्षातून एक-दोनदा पडतो: आज दवाखान्यात न्यायचे आहे, तर त्याला पेटीत कोणी घालायचे? माळ्यावरून पेटी उतरवल्याचा आवाज होताच मांजर पलंगाखालच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसते. मग कोणी केरसुणी आणतो, कोणी टॉर्च धरतो, कोणाच्या तरी हातावर ओरखडे उमटतात आणि अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर घरातील ज्येष्ठ निर्णय देतात, "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू." या सदराच्या काही वाचकांनी याविषयी विचारणा केली, तेव्हा त्यांच्या बोलण्यात हा 'पुढचा महिना' हमखास आला. आजच्या लेखाचे कारण तोच आहे.

मांजर आपले दुखणे लपवते. ते शिकारी खरे, पण निसर्गात स्वतःहून मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही तेच. अशक्तपणा दिसू न देणे हा त्याच्या जातीचा जुना स्वभाव आहे. कुत्रा लंगडतो, कण्हतो, मालकाच्या पायाशी येऊन बसतो. मांजर फक्त थोडे जास्त झोपते, थोडे कमी उड्या मारते, आणि आपण म्हणतो, वय झाले. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा विकार फार आढळतो, आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडाची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती खर्ची पडलेली असते. म्हणून प्रौढ मांजराची वर्षातून निदान एकदा आणि म्हाताऱ्या मांजराची दर सहा महिन्यांनी तपासणी करावी, असे पशुवैद्य सांगतात. ही तपासणी चुकण्यामागे पुष्कळदा पैसा किंवा अनास्था नसते, तर प्रवासाच्या प्रसंगाची धास्ती असते. मांजराला ती असतेच. घरच्यांना त्याहून अधिक.

आमच्या गृहसंकुलातील एका कुटुंबाच्या बोक्याचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. रविवारी रात्री दहाच्या सुमारास तो पुनःपुन्हा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसू लागला. जोर करी, ओरडे, आणि लघवीचा थेंबही नाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतो. त्या घरातील मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली पेटी वर्षभर उघडीच पडलेली असे आणि बोका दुपारची झोप तिच्यातच काढी. त्या रात्रीही वेदनेने तो आपणहून तिच्यात जाऊन बसला. मुलीने दार लावले, वडिलांनी रिक्षा बोलावली आणि पंधरा मिनिटांत ते दवाखान्यात पोहोचले. नळी घालून मूत्रमार्ग मोकळा केला गेला. सकाळपर्यंत थांबला असता तर सांगता आले नसते, असे डॉक्टर म्हणाले. बोका आज खिडकीत बसून कबुतरांवर नजर ठेवतो.

आता या भीतीचे मूळ पाहू. मांजर माणसांशी जितके बांधलेले असते, तितकेच, किंबहुना अधिक, जागेशी बांधलेले असते. आपले घर ते डोळ्यांपेक्षा नाकाने ओळखते. दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कडेला, आपल्या पायाला ते गाल घासते, तेव्हा गालातील ग्रंथींचा गंध तेथे लावत असते. हा गंध म्हणजे त्याच्या लेखी सातबाराच. ज्या क्षणी ते उचलून परक्या वासाच्या बंद डब्यात टाकले जाते, त्या क्षणी जमीनही गेली आणि वाटाही बंद झाल्या. त्यात आवाजाची भर. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पलीकडचा. स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटतो तेव्हा आपलेच कान किटतात, तेथे त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार करावा.

जुन्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवेल. गावाकडे नको असलेले मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याची रीत होती, आणि आठवड्याने तेच मांजर उंबऱ्यावर हजर झाल्याच्या कथा घरोघरी हसत सांगितल्या जात. हसणारे आपण. पोत्यातल्या त्या जिवाला जे वाटले, त्याहून पेटीतल्या मांजराला निराळे वाटावे असे काही आपण करून ठेवले आहे का?

आपल्याकडे चार दानांत औषधदान आणि अभयदान शेजारी-शेजारी सांगितले आहेत. मांजराला दवाखान्यात नेताना एका हाताने पहिले द्यायचे आणि दुसऱ्या हाताने दुसरे काढून घ्यायचे, असा व्यवहार बहुधा घडतो. ही दोन्ही खाती एकाच वेळी जमेत राहू शकतात. त्यासाठी लागते ती आगाऊ तयारी.

तयारीचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे पेटी माळ्यावरून कायमची खाली आणणे. बँकेत असताना मी असे अनेक खातेदार पाहिले, ज्यांनी कर्ज मागण्याच्या दिवशीच शाखेत पहिल्यांदा पाऊल ठेवले. त्यांच्या कपाळावरचा घाम पंखा वाढवूनही जात नसे. याउलट दर महिन्याला पासबुक भरून घ्यायला येणारा माणूस निवांत बसून चहाची चौकशी करी. पेटीचेही तसेच आहे. जी केवळ संकटाच्या दिवशी दिसते, ती पेटी म्हणजेच संकट, असा सरळ हिशेब मांजर मांडते.

पेटी घेताना शक्यतो कडक प्लास्टिकची, समोर दार असलेली आणि वरचा अर्धा भाग खिटक्या काढून अलग करता येईल अशी घ्यावी. वर दुसरे दार असल्यास अधिक सोयीचे. मांजराला आत उभे राहता यावे, वळता यावे, अंग मुडपून बसता यावे, एवढा आकार पुरे. फार मोठ्या पेटीत ते प्रवासात घसरत राहते. पाठीवर घेण्याच्या, पुढे पारदर्शक घुमट असलेल्या पिशव्यांची सध्या हौस दिसते. मला त्या पसंत नाहीत. लपू पाहणाऱ्या जिवाला काचेच्या खिडकीत बसवण्यात त्याचे काय हित? शिवाय उन्हात त्या लवकर तापतात.

ही पेटी घराच्या वावरत्या कोपऱ्यात ठेवावी. पहिले काही दिवस दार काढूनच टाकावे. आत जुन्या गोधडीचा, मांजर ज्यावर झोपते असा तुकडा घालावा. तो धुऊन स्वच्छ करून घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा वास हाच त्याचा उपयोग. मांजर आत डोकावले तर डोकावू द्यावे, ढकलू नये. जेवणाची ताटली आधी पेटीजवळ, मग दारात, मग आत, अशी दर दोन-तीन दिवसांनी सरकवावी. ते आत निवांत बसू लागले की दार बसवावे, क्षणभर लावावे आणि ते अस्वस्थ होण्यापूर्वी उघडावे. पुढे हळूहळू एक मिनिट, पाच मिनिटे. नंतर पेटी उचलून खोलीतल्या खोलीत फेरी, नंतर जिन्यापर्यंत, नंतर रिक्षात किंवा गाडीत बसून इंजिन सुरू करून परत. दवाखाना यात कोठेच नाही, हे महत्त्वाचे. दर वेळी प्रवासाचा शेवट सुईनेच झाला, तर मांजराला दोष देण्यात अर्थ नाही.

इतका खटाटोप खरेच उपयोगी पडतो का, असे विचारणाऱ्यांसाठी: व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २२ मांजरे होती. त्यांपैकी निम्म्यांना सहा आठवड्यांत २८ वेळा पेटीचा सराव दिला, निम्म्यांना दिला नाही. सराव दिलेल्या मांजरांत मोटारीच्या प्रवासात ताणाची लक्षणे कमी दिसली आणि त्यांची तपासणीही कमी वेळात उरकली. सहा आठवडे म्हणजे फार नव्हे. आपण मुलांच्या परीक्षेची तयारी त्याहून आधी सुरू करतो.

या सरावात बक्षीस काय द्यायचे, हा आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न. बाजारातील बहुतेक खाऊ मांस किंवा मासळीचा असतो आणि अनेक घरांत तो उंबऱ्याच्या आत येत नाही. मांजराचे शरीर मांसाहारी आहे आणि त्याच्या रोजच्या आहाराविषयी पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलूनच ठरवावे, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. बक्षिसापुरते बोलायचे तर खाण्यावाचूनही काम भागते. हनुवटीखाली खाजवणे, मऊ ब्रशने अंग विंचरणे, दोरीला बांधलेला कागदाचा बोळा पेटीत ओढत नेणे, यांवर आमची मनी तरी पूर्ण समाधानी असते. पचत असेल तर बिनमिठाच्या पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा किंवा बोटावर दही चालते. दूध मात्र टाळावे, कारण बहुतेक मोठ्या मांजरांना ते बाधते. कॅटनिप नावाची पुदिन्याच्या कुळातील वाळलेली वनस्पती मिळते. काही मांजरे तिच्या वासाने लोळू लागतात, काहींना तिचे काहीच वाटत नाही, लहान पिल्लांना तर नाहीच. ती सरावाच्या दिवसांत वापरावी, निघण्याच्या वेळी नको, कारण तिने काही मांजरे उलट चेकाळतात.

प्रत्यक्ष निघण्याचा दिवस. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा वेळ सकाळची घ्यावी. निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. पाणी चालू ठेवावे. मधुमेही मांजर किंवा लहान पिल्लू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच उपास घडवावा. मांजराला आधीच एका छोट्या खोलीत, पेटीसह, दार लावून ठेवावे. सर्व घराने त्याच्याभोवती जमू नये; एक माणूस पुरेसा, तोही शांत बोलणारा. आत जात नसेल तर पेटीचा वरचा भाग काढावा, मांजराला पंचात गुंडाळून खालच्या भागात ठेवावे आणि मग झाकण बसवावे. पंचा तसाच राहू द्यावा. मानगूट धरून उचलणे ही जुनी सवय सोडावी. पिल्लाला त्याची आई तशी नेते हे खरे, पण चार किलोच्या प्रौढ मांजराला त्याने भय आणि वेदना होते, आणि मांजरांच्या हाताळणीसाठी पशुवैद्यांच्या संघटनांनी केलेल्या मार्गदर्शक सूचनाही तसे न करण्यास सांगतात.

मांजराच्या गालातील गंधद्रव्याची कृत्रिम प्रतिकृती असलेला फवारा औषधांच्या दुकानांतून मागवता येतो. त्याच्या परिणामाविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण अपायही नाही. तो मांजरावर न मारता पेटीतील कापडावर, निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे मारावा. त्यातील अल्कोहोलचा वास उडून जायला तेवढा वेळ लागतो.

पेटी मुठीने धरून, बाजाराच्या पिशवीसारखी हेलकावत नेणारे लोक मी रोज पाहतो. आतल्याला तो झोपाळा नसतो, भूकंप असतो. पेटी दोन्ही हातांनी खालून आधार देऊन, छातीशी धरून न्यावी आणि वरून पातळ चादर घालावी, हवेपुरती फट ठेवून. मोटारीत ती पुढच्या आसनामागे खाली, घट्ट बसेल अशी ठेवावी. रिक्षात मांडीवर घ्यावी, दार आपल्या पोटाकडे करून, आणि चालकाला आधीच विनंती करावी की गाणी बंद ठेवा आणि हॉर्न जपून वाजवा. बहुतेक चालक ऐकतात. एका गृहस्थाने तर खड्डा आला की "सांभाळा" म्हणून सूचना दिली. स्कूटरच्या पायापाशी पेटी ठेवून जाण्याची पद्धत धोक्याची आहे. दुसरे साधनच नसेल तर मागे बसलेल्या माणसाने ती दोन्ही हातांनी धरावी. मांजराला कुशीत घेऊन, ओढणीत गुंडाळून, पेटीशिवाय कधीही नेऊ नये. एक हॉर्न पुरतो, आणि मग रस्त्यावर उडी घेतलेले मांजर शोधत आठ-आठ दिवस फिरणारी कुटुंबे आपण पाहतो.

वाटेत ते ओरडले तर रागावू नये आणि फार चुचकारूही नये. हलक्या आवाजात एखाद-दुसरा शब्द पुरे. मात्र तोंड उघडून धापा टाकू लागले तर दुर्लक्ष करू नये. कुत्र्याला ते स्वाभाविक असते, मांजराला नसते. थांबून हवा मिळू द्यावी, आणि धाप लवकर शमली नाही तर पोहोचताच डॉक्टरांना सर्वप्रथम हेच सांगावे.

दवाखान्यांविषयी थोडे. आपल्याकडील पशुवैद्यक घोडा, बैल, गाय यांच्याभोवती वाढले; मुंबईतील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे आहे, आणि मांजर तपासणीच्या टेबलावर नियमितपणे येऊ लागले ते त्यानंतर कित्येक दशकांनी. आजही बहुतेक दवाखान्यांत बसण्याची खोली एकच असते आणि तीत कुत्र्यांचे राज्य असते. म्हणून आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारावी. आपला क्रमांक येईपर्यंत बाहेर सावलीत थांबण्याची मुभा मागावी. कोणी नाही म्हणत नाही. आत बसावेच लागले तर पेटी जमिनीवर ठेवू नये, खुर्चीवर किंवा मांडीवर ठेवावी, चादर तशीच असू द्यावी आणि पेटीचे दार दुसऱ्या प्राण्याकडे नसावे. "काही करत नाही हो आमचा टॉमी" असे म्हणत हुंगायला येणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला नम्रपणे पण स्पष्टपणे थांबवावे. येथे भिडस्तपणा कामाचा नाही.

तपासणीच्या टेबलावर पेटी उपडी करून मांजर ओतणे हा प्रकार होऊ देऊ नये. वरचा भाग काढला की मांजर आपल्या गोधडीवरच बसलेले राहते आणि बरीचशी तपासणी तेथेच होते. डॉक्टरांना यासाठी विनंती करण्यात संकोच नको, कारण त्यात त्यांचेही हित आहे. घाबरलेल्या मांजराची रक्तशर्करा वाढते, रक्तदाब वाढतो, नाडी आणि श्वास धावू लागतात. मग मधुमेह आहे की केवळ भीती, हे ठरवणे डॉक्टरांना जड जाते.

काही मांजरे मात्र इतकी भेदरट असतात की एवढे सारे करूनही भागत नाही. त्यांच्यासाठी औषधे आहेत आणि ती वापरण्यात काही कमीपणा नाही. माणसांच्या मज्जातंतूंच्या वेदनेवर वापरले जाणारे गॅबापेंटिन पशुवैद्य अशा मांजरांना भेटीपूर्वी दोन-तीन तास देण्यास सांगतात. प्रवास आणि दवाखान्याच्या भीतीसाठी खास मांजरांकरिता तयार केलेल्या प्रीगाबालिनच्या द्रवाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. कोणते औषध, किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. वजन, वय, मूत्रपिंडाची स्थिती पाहून मात्रा बदलते, म्हणून मी आकडा मुद्दाम देत नाही. डॉक्टरांच्या संमतीने एखाद्या सुटीच्या दिवशी घरीच एकदा देऊन पाहावे, म्हणजे परिणाम कळतो. औषधानंतर काही तास मांजर झोकांड्या खाते. गॅलरीचे दार आणि उंच कपाटांवरच्या वाटा बंद ठेवाव्यात.

आणि घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी असते. आपली झोपेची गोळी, निलगिरीचे तेल, सर्दीचा बाम, यांतले काहीही "थोडेसेच" म्हणून देऊ किंवा चोळू नये. कोणी अनुभवाने सांगत असेल तरी नाही.

घरी परतल्यावर पेटी शांत खोलीत ठेवून दार उघडावे आणि आपण बाहेर यावे. बाहेर कधी यायचे ते मांजराला ठरवू द्यावे. घरात दुसरे मांजर असेल तर येथे एक नवल घडते: काल एका ताटलीत जेवलेली भावंडे आज एकमेकांवर फिस्कारतात. जाऊन आलेल्याच्या अंगाला स्पिरिटचा, हातमोज्यांचा, परक्या प्राण्यांचा वास असतो आणि घरातले मांजर त्याला ओळखत नाही. त्यांना काही तास, गरज पडल्यास एक रात्र, वेगळे ठेवावे. मग एकाच मऊ कापडाने आधी घरच्याचे आणि नंतर आलेल्याचे अंग पुसावे.

गोधडीचा तुकडा दवाखान्यात खराब झाला असेल तर सुगंधी साबण न वापरता धुवावा, उन्हात वाळवावा आणि मांजराला दोन रात्री त्यावर झोपू द्यावे. मग तो पेटीत घालावा, आणि पेटी तिच्या कोपऱ्यात, दार उघडे ठेवून.